ग्रहण सुधारणा समिती

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या भाऊंच्या टीव्हीत मुंग्या येत होत्या. आवाज ठणठणीत होता, पण चित्र मुंग्यांनी भरलेले असे आणि बातम्या देणारी बाई वारुळातून बोलल्यासारखी दिसे. ही तक्रार भाऊंनी तोंडी, जिन्यात, हातात दुधाची पिशवी असताना केली, आणि नेमकी माझ्याकडे केली. मी रहिवासी मंडळाचा चिटणीस आहे. चिटणिसाच्या कानावर पडलेली गोष्ट नुसती गोष्ट राहत नाही, तिचा विषय होतो. भाऊंना हे माहीत असायला हवे होते.

ही हकीकत गल्लीत केबल यायच्या आधीची आहे. तेव्हा चित्र हवेतून यायचे आणि ते पकडायला अँटेना लागायची. इमारतीची जुनी सामाईक अँटेना एका वादळात वाकली होती. ती सरळ करायची की नवी घ्यायची, यावर मंडळात एकमत होईपर्यंत ती गंजून पडली, त्यामुळे तो प्रश्न आपोआप मिटला होता. ज्याने त्याने घरात तारेचा तुकडा लोंबकळत ठेवून भागवून घेतले होते. तक्रार कोणाचीच नव्हती, कारण सगळ्यांच्याच टीव्हीत सारख्याच मुंग्या होत्या.

भाऊंचे मात्र वेगळे होते. सगळी इमारत त्यांना भाऊ म्हणे आणि त्यांच्या बायकोला वहिनी. पण त्यांना पहिल्यांदा ज्या व्यक्तीने भाऊ म्हटले, ती त्यांची धाकटी बहीण कित्येक वर्षे त्यांना काहीच म्हणत नव्हती. आई गेल्यावर घरातला जुना रेडिओ कोणी न्यायचा, यावरून दोघांत अबोला आला होता. दोघेही म्हणाले, "तूच घे," आणि दोघेही रागाने म्हणाले. शेवटी रेडिओ भंगारवाल्याने नेला. पुढे बहीण रानोमाळ हिंडून पक्ष्यांचे आवाज टिपण्याच्या कामात नावारूपाला आली, आणि आता एका रविवारी संध्याकाळी टीव्हीवर तिची मुलाखत होणार होती.

"आवाज तर स्वच्छ येतोय ना," वहिनी दारातून म्हणाल्या, "बसू ऐकत."

"आवाज काय करायचाय? तिचा आवाज मला पाठ आहे," भाऊ म्हणाले. "केस पिकलेत का, चष्मा लागलाय का, ते बघायचंय." मग पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "आणि माझं नाव काढते का, तेही."

"पण तुम्ही बोलत नाही ना तिच्याशी?" मी विचारले.

"बोलत नाही. बघायला काय हरकत आहे?"

बाजारात छोटी अँटेना मिळते, ती खिडकीच्या गजाला बांधायची की झाले, असा भाऊंचा बेत होता. इतका सरळ बेत मंडळाच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते.

आमचे अध्यक्ष निवृत्त अधिकारी आहेत. कुठल्या खात्यातून निवृत्त झाले हे त्यांनी कधी सांगितले नाही, पण बोलण्यावरून खाते मोठे असावे. खजिनदारांचे चष्म्याचे दुकान आहे. बैठक अध्यक्षांच्या दिवाणखान्यात झाली, भाऊंनाही बोलावले होते. भाऊ खिडकीत अँटेना बांधू इच्छितात, असे मी सांगताच अध्यक्षांनी डोळे मिटले.

"इमारतीच्या दर्शनी भागाची एकरूपता," ते म्हणाले, "ही आपली एकमेव मालमत्ता आहे. आज एकानं खिडकीला अँटेना बांधली, तर उद्या दुसरा कपडे वाळत घालील."

"कपडे तर सगळेच घालतात," भाऊ म्हणाले.

"म्हणूनच," अध्यक्ष म्हणाले.

अध्यक्षांनी मग भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितले की त्यांची अडचण आता त्यांच्या एकट्याची राहिलेली नाही. भाऊंचा चेहरा तेव्हाच जरा उतरला. गच्चीत सर्वांसाठी एक मोठी अँटेना उभारायची आणि त्यासाठी समिती नेमायची, असे ठरले. समितीच्या नावात खजिनदारांना रिसेप्शन हा शब्द हवा होता, पण रिसेप्शन म्हटले की लोक जेवायला येतात, असे अध्यक्षांचे म्हणणे पडले. त्यांनी कपाटातून शासकीय शब्दांचा कोश काढला आणि शुद्ध शब्द शोधला. अशा रीतीने ग्रहण सुधारणा समिती स्थापन झाली. अंतरिम उपाय म्हणून भाऊंच्या घरातला तारेचा तुकडा अनधिकृत ठरवून काढून टाकण्यात आला. तुकडे इतरांकडेही होते, पण तक्रार भाऊंची होती. मुंग्याही गेल्या आणि बातम्या देणारी बाईही गेली.

अँटेना निवडायला भाऊ, खजिनदार आणि मी असे तिघे दुकानात गेलो. दुकानदार पायावर पाय टाकून एका रेडिओच्या पोटात डोके घालून बसला होता.

"टॉवर तुमच्याकडून कुठल्या बाजूला येतो?" त्याने विचारले.

"तुमच्याकडे कुठल्या बाजूच्या मिळतात?" खजिनदारांनी विचारले.

दुकानदाराने डोके बाहेर काढले. "अँटेनाला बाजू नसते साहेब. गच्चीत जायचं, फिरवायची, चित्र आलं की नट आवळायचा. लहानातली लहान घ्या, तुमच्या भागात तीसुद्धा चालेल."

या माणसाच्या कामात काही पद्धत नाही, असे खजिनदार माझ्या कानात म्हणाले. आम्ही दुकानातली सर्वांत जास्त काड्यांची अँटेना घेतली. एवढ्या काड्या आमच्याकडे एरवी फक्त वार्षिक सभेत घातल्या जातात. भाऊ वाटेत म्हणाले की एवढी मोठी काय करायची, वाऱ्याने हलेल. खजिनदारांनी त्यांना समजावले की सगळ्यांची अँटेना सगळ्यांना दिसायला हवी.

आता दिशेचा प्रश्न आला. फिरवून बघायची, ही पद्धत समितीने फेटाळली, कारण आधी चित्र दिसायचे आणि मग दिशा ठरायची म्हणजे समितीला काम काय उरणार? अध्यक्षांना पूर्व योग्य वाटत होती. त्यांचे कार्यालय पूर्वेला होते आणि नोकरीभर सगळे आदेश तिकडूनच आले होते. खजिनदारांचे दुकान पश्चिमेला, त्यामुळे त्यांचा पश्चिमेवर विश्वास. भाऊ म्हणाले, "टेकडीवर लाल दिवा दिसतो ना रात्री, तोच टॉवर असणार. टेकडी दक्षिणेला आहे." पण भाऊ अर्जदार असल्याने त्यांचे मत हितसंबंधी ठरले. अखेर दोन्ही पक्षांचा मान राखून उत्तर दिशा मंजूर झाली. उत्तरेला कोणाचाच आक्षेप नव्हता, कारण उत्तरेला काहीच नव्हते.

खांब सिमेंटमध्ये बसवला, वर अँटेना चढवली, तोंड उत्तरेकडे केले. तार पहिल्या टप्प्यात अध्यक्षांच्या दिवाणखान्यापर्यंत आली. भाऊंचे घर तिसऱ्या टप्प्यात होते. टीव्ही लावला, तर पडदा करडा आणि कुठे एक मुंगीसुद्धा नाही. मुंग्या पूर्णपणे गेल्या याबद्दल समितीने समाधान व्यक्त केले.

"पण चित्र?" भाऊ म्हणाले. "रविवार जवळ आलाय हो."

भाऊ हे वाक्य आता रोज म्हणत. जिन्यात भेटले की म्हणत, दार उघडले की म्हणत. पुढे पुढे ते काही बोलत नसत, नुसते बघत, आणि रविवार जवळ आल्याचे आपल्याला कळे. वहिनींनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितले, "अहो, झोपेत बोलायला लागलेत. 'रेडिओ तू घे' म्हणतात." मला वाईट वाटले. चिटणिसाला वाईट वाटले तर ते कुठल्या विषयाखाली घ्यायचे, याची आमच्याकडे तरतूद नाही.

म्हणून मी पुढाकार घेऊन चाचणी ठरवली. भाऊ गच्चीत, मी अध्यक्षांच्या टीव्हीपाशी आणि मध्ये जिन्यात वहिनी, निरोप पोचवायला. भाऊंनी नट सैल करून अँटेना हाताने फिरवायला सुरुवात केली.

"आलं का?" वरून भाऊ.

"आलं का?" जिन्यातून वहिनी.

"आलं! आलं! गेलं!" मी ओरडलो.

"गेलं!" वहिनी वर ओरडल्या. "अहो, गेलं!"

असे आलं आणि गेलं बराच वेळ चालले. शेवटी समोरच्या इमारतीतले काका टोपी काढून, हात जोडून दारात उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "कोण गेलं? कालपर्यंत तर बरे होते." वहिनींचा घसा बसला होता, डोळ्यांत पाणी आले होते, त्यामुळे काकांना भाऊच गेले असे वाटले. त्यांची समजूत पटवण्यासाठी भाऊंना गच्चीतून खाली आणून दाखवावे लागले.

अध्यक्षांनी याची गंभीर दखल घेतली. सैल भाषेमुळे गैरसमज होतात, असे सांगून त्यांनी अधिकृत शब्द ठरवून दिले. चित्र आले की म्हणायचे, "ग्रहण लागले." चित्र गेले की म्हणायचे, "ग्रहण सुटले." दुसऱ्या चाचणीच्या वेळी समोरच्या इमारतीतली माणसे काळ्या काचा घेऊन रस्त्यावर उतरली आणि भर दुपारी वर बघत उभी राहिली. पण कोणी हात जोडून आले नाही, म्हणजे सुधारणा झाली होती.

आणि दुसऱ्या चाचणीत चित्र सापडलेही. टेकडीकडे तोंड केल्याबरोबर पडद्यावर एक माणूस आला, त्याच्या सदऱ्याची बटणे दिसली. मी आनंदाने वर गेलो. भाऊंनी खिशातून पाना काढला होता, नट आवळायला.

"थांबा," मागून अध्यक्ष म्हणाले. ते धापा टाकत जिना चढून आले होते. "ही दिशा मंजूर नाही."

"पण साहेब, चित्र इथंच येतंय."

"चित्र येणं ही एक गोष्ट आणि मंजुरी ही दुसरी. मंजूर दिशा उत्तर. ती बदलायची तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल, आणि सभेला आधी सूचना द्यावी लागेल. तोवर नट उत्तरेलाच आवळला पाहिजे."

भाऊंनी पाना नटावरून काढला नाही. "सभा होईपर्यंत रविवार जाईल हो."

अध्यक्ष माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांनी पाण्याच्या टाकीला टेकून बराच विचार केला आणि वाट काढली. "नट आवळणं म्हणजे बसवणी. पण अँटेना हातानं धरणं ही बसवणी नव्हे, ती तात्पुरती व्यवस्था. तिला मंजुरी लागत नाही. रविवारी कोणीतरी धरून उभं राहावं."

"कोणी?" मी विचारले.

"अर्जदारानं," अध्यक्ष म्हणाले. "सोय त्याची आहे."

यात काहीतरी चुकते आहे असे मला वाटले, पण काय ते चटकन सापडेना. भाऊंनी पाना खिशात ठेवला. ते म्हणाले, "थोडा वेळ धरीन, मग कोणीतरी या बदलायला. मुलाखत चालू झाली की मी खाली येतो." सगळे म्हणाले, अर्थात, अर्थात.

रविवारी संध्याकाळी अध्यक्षांच्या दिवाणखान्यात अख्खी इमारत जमली. खुर्च्या पुरल्या नाहीत, सतरंज्या टाकल्या. भाऊंनी धुतलेला सदरा घातला होता, दाढी केली होती. तशा अवतारात ते गच्चीत गेले आणि दोन्ही हातांनी अँटेना टेकडीकडे धरून उभे राहिले. वहिनी जिन्याच्या वळणावर उभ्या राहिल्या. मी दारात.

कार्यक्रमाची पाटी आली, स्वच्छ आली. मी ओरडलो, "ग्रहण लागलं!"

वहिनींनी सकाळपासून काही खाल्ले नव्हते. ऐन वेळी अधिकृत अर्थ त्यांच्या डोक्यातून गेला आणि साधा अर्थ तेवढा उरला. "अहो, ग्रहण लागलं!" त्या घाबरून वर ओरडल्या. "फिरवा, फिरवा!" भाऊंनी फिरवली. पडदा करडा झाला.

"सुटलं! सुटलं!" मी ओरडलो.

"सुटलं बाई एकदाचं," वहिनी म्हणाल्या आणि वर ओरडल्या, "आता हलवू नका!"

भाऊ हलले नाहीत. आम्ही करडा पडदा बघत बसलो. शेवटी खजिनदार स्वतः जिना चढून गेले आणि कोशात नसलेल्या भाषेत भाऊंना समजावून आले. चित्र परत आले तेव्हा मुलाखत सुरू झाली होती. भाऊंची बहीण पडद्यावर होती. ती अंगाने बारीक होती, तिच्या कानात लहानशी कुडी होती, मांडीवर ध्वनिमुद्रणाचे यंत्र होते. एकही मुंगी नव्हती.

"हलू नका!" सगळी खोली एका आवाजात ओरडली. "भाऊ, जराही हलू नका!"

कोणी बदलायला जायचे होते, हे मला आठवले. मी खजिनदारांकडे पाहिले. ते म्हणाले, "आता हात बदलला तर चित्र जाईल. भाऊंच्या अंगातूनच ते येतंय, असं दिसतं." हे शास्त्रीय असावे. कोणी उठले नाही. मीही गेलो नाही, दारातून पडदा अगदी समोर दिसत होता.

"काय स्वच्छ आहे हो," अध्यक्षांच्या पत्नी म्हणाल्या.

"केस न् केस मोजून घ्या," खजिनदार म्हणाले. चष्म्याच्या धंद्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा. "अर्धे पांढरे आहेत. डावीकडे जास्त. आणि चष्मा नाही, पण लागलाय. बघा कसे डोळे बारीक करतायत."

"साडीचा काठ हिरवा का निळा?"

"हिरवा."

"निळा हो. नीट बघा."

मुलाखत घेणाऱ्याने काहीतरी विचारले. यंत्रावरून हात फिरवत बाई म्हणाल्या, "माझा भाऊ मला…"

"अहो, गप्प बसा ना जरा!" माझी बायको मोठ्याने म्हणाली. "त्या भावाबद्दल बोलतायत!"

"कोणाबद्दल?"

"भावाबद्दल!"

"आपल्या भाऊंबद्दल?"

"शूऽऽ!"

"शूऽऽ काय, तुम्हीच बोलताय!"

"बघा बघा, डोळ्यांत पाणी आलंय," खजिनदार पडद्याला बोट लावून म्हणाले. "पाणीसुद्धा दिसतंय! असं चित्र अख्ख्या शहरात कोणाकडं नसेल!" त्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी उभे राहून टाळ्यांचा स्वीकार केला. टाळ्या थांबल्या तेव्हा पडद्यावर कसलासा पक्षी शीळ घालत होता आणि पाठोपाठ कार्यक्रम संपल्याची पाटी आली.

भाऊ खाली आले. तळहात घट्ट धरून लाल झाले होते, मान एका बाजूला आखडली होती. मागून वहिनी आल्या. दोघे दारात उभे राहिले.

"दिसली?" भाऊंनी विचारले.

"दिसल्या म्हणजे! कानातली कुडी दिसली!"

"केस?"

"अर्धे पांढरे. डावीकडे जास्त," खजिनदार म्हणाले.

भाऊ हसले. मग सदऱ्याला हात पुसत त्यांनी विचारले, "बोलली का काही? माझ्याबद्दल?"

"उल्लेख झाला," अध्यक्ष म्हणाले. "समितीच्या निदर्शनास आला."

"काय म्हणाली?"

"'माझा भाऊ मला', इथपर्यंत नक्की," मी म्हणालो.

"पुढे?"

काठ हिरवा म्हणणाऱ्यांनी निळा म्हणणाऱ्यांकडे पाहिले.

"पुढे," खजिनदार म्हणाले, "चित्र फारच स्वच्छ झालं."

भाऊ खाली सतरंजीवर बसले. वहिनी म्हणाल्या, "फोन करून विचारा ना तिला."

"काय विचारू? तू काय म्हणालीस ते? म्हणजे तिला कळेल, तेवढंही मी ऐकलं नाही." मग स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले, "वर एक कावळा येऊन बसला होता अँटेनावर. सारखा ओरडत होता. तेवढं ऐकलं मी."

"तिला कळलं असतं तो काय म्हणतोय," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीचाच फोन आला. इमारतीत फोन एकट्या माझ्याकडे, त्यामुळे भाऊंना बोलावले. मी अर्थातच ऐकत नव्हतो, पण आमच्या फोनचा आवाज मोठा आहे.

"भाऊ," ती म्हणाली. कित्येक वर्षांनी म्हणाली. "पाहिलंस?"

"पाहिलं."

"ऐकलंस ना, मी काय म्हणाले?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिले. मी दोन्ही हात पसरून दाखवले. "हो," ते म्हणाले, "ऐकलं की. अगदी स्वच्छ."

"मग?"

"मग काय?"

"मी विचारलं त्याचं काय? सगळ्यांसमोर विचारलं तुला."

रिसीव्हर भाऊंनी दोन्ही हातांनी धरला होता, अँटेना धरावी तसा. शेवटी म्हणाले, "केस पिकलेत गं तुझे. डावीकडे जास्त."

मग ती म्हणाली, "तू एवढंच बघितलंस होय," आणि फोन ठेवला. भाऊ रिसीव्हर कानाला लावून तसेच उभे होते. मी त्यांच्या हातातून तो काढून घेतला, कारण रिसीव्हर वर राहिला तर कोणाचाच फोन येत नाही.

पुढे सर्वसाधारण सभेत दक्षिण दिशा एकमताने मंजूर झाली, नट आवळला गेला आणि तिन्ही टप्पे पुरे झाले. भाऊंच्या घरातले चित्र आता इमारतीत सर्वांत चांगले होते. ते टीव्ही लावत नसत. पक्ष्यांचा कार्यक्रम पुन्हा कधी लागला नाही. अँटेना अजून गच्चीत आहे, कावळ्यांच्या उपयोगाची.

तुमच्याकडे आता भिंतीएवढा पडदा आहे, असे ऐकतो. घाम फुटलेला दिसतो, पापणीचा केस दिसतो, मुंगी औषधालासुद्धा नाही. आमच्या समितीतर्फे अभिनंदन. फक्त एक किरकोळ मुद्दा राहिला आहे. काल संध्याकाळी तुमच्या घरातले एक माणूस त्या पडद्यासमोर येऊन उभे राहिले आणि तुम्हाला काहीतरी म्हणाले. "जरा बाजूला हो, दिसत नाहीये," असे तुम्ही त्यावर म्हणालात, ते तुम्हाला आठवत असेल. ते माणूस काय म्हणाले होते?